असईची लढाई ते मोबाईलवरचा ग्राफ : वेलस्लीच्या आयुष्यातून समजून घ्या युद्धातले आकडे

जगात कुठेही युद्ध पेटलं की आपल्या फोनवर आकड्यांचा पाऊस सुरू होतो. समजा सकाळी नोटिफिकेशन आलं, ४० ठार. दुपारी ११०. रात्री एका चॅनेलवर ६५, तर दुसऱ्यावर थेट ४००. दुसऱ्या दिवशी आकडा एकदम खाली. लगेच ग्रुपवर मेसेज फिरतो की आता युद्ध थंडावलं, किंवा अमुक देश हरला. पण चार दिवसांच्या चढउतारावरून असं काही ठरवता येतं का?

हे समजून घ्यायला आज आपण एका माणसाचं आयुष्य बघणार आहोत. नाव आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणारा सेनापती म्हणून जग त्याला ओळखतं. पण त्याच्या आयुष्यातली एक फार रक्तरंजित लढाई युरोपात झालीच नाही. ती झाली आपल्या मराठवाड्यात, असईला. हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे, पण १ मे १९८१ ला जालना वेगळा होईपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. त्या लढाईचे आकडे आज इंटरनेटवर सगळीकडे सापडतात, आणि अनेकदा चुकीचेही वाचले जातात.

एक गोष्ट आधीच सांगतो. वेलस्ली आपला हिरो नाही. तो मराठ्यांविरुद्ध लढायला आला होता. पण त्याच्या फौजेने कागदं नीट ठेवली, म्हणून आकडे कसे बनतात ते त्याच्या गोष्टीत स्पष्ट दिसतं.

डब्लिन ते श्रीरंगपट्टण

वेलस्लीचा जन्म १७६९ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. नेपोलियनही त्याच वर्षी जन्मला. घराणं सरदारी, पण पैशाची ओढाताण. शाळेत हा मुलगा फारसा चमकला नाही. व्हायोलिन मात्र छान वाजवायचा. १७८७ मध्ये तो सैन्यात अधिकारी झाला. १७९३ मध्ये त्याला ३३ व्या पलटणीत लेफ्टनंट कर्नलचं पद मिळालं. त्या काळी अशी पदं पैसे मोजून घेता येत. त्याच सुमारास त्याने आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि सैनिकी पेशा मनावर घेतला.

१७९४-९५ च्या हिवाळ्यात हॉलंडकडच्या मोहिमेत इंग्रज फौजेची दैना झाली. अन्न नाही, कपडे नाहीत, वरिष्ठांचा पत्ता नाही. तिथे त्याला एक गोष्ट कळली. फौज शत्रूच्या गोळीने मरते तशी उपासमारीने, थंडीने आणि आजारानेही मरते. म्हणून पुढे आयुष्यभर तो रसद, बैल आणि धान्य यांचा हिशेब स्वतः बघायचा.

१७९७ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी त्याचा मोठा भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला. त्यामुळे आर्थरला संधी भराभर मिळाल्या, हे खरं आहे. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत तो होता. ४ मे ला टिपू सुलतान लढताना मारला गेला आणि शहराचा कारभार आर्थरकडे आला. १८०० मध्ये त्याने धोंड्या वाघाचा पाठलाग करून त्याला संपवलं.

पुणे, अहमदनगर, औरंगाबाद

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्यांनी वसईला इंग्रजांशी तह केला. त्यांना परत गादीवर बसवायचं काम वेलस्लीकडे आलं. एप्रिल १८०३ मध्ये तो पुण्यात पोचला आणि मे महिन्यात बाजीराव परत आले. हा तह दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना मान्य होणं शक्यच नव्हतं. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं.

वेलस्लीने आधी अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) घेतलं. १२ ऑगस्टला किल्ला पडला. मग गोदावरी ओलांडून २९ ऑगस्टला तो औरंगाबादला आला. शहर तेव्हा निजामाचं होतं आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने होता. आता शिंदे-भोसल्यांची फौज शोधायची होती. २१ सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले. दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला भोकरदनकडे एकत्र हल्ला करायचा, असं ठरलं.

पण २३ तारखेलाच वेलस्लीला कळलं की शत्रू अगदी समोर आहे. स्टीव्हन्सन लांब होता. वेलस्लीकडे साधारण साडेचार हजार कवायती सैनिक होते आणि म्हैसूर व मराठा सरदारांचं सुमारे पाच हजार घोडदळ. हो, मराठे दोन्ही बाजूंना होते. पेशव्यांचे बापू गोखले तेव्हा वेलस्लीबरोबर होते. समोर शिंद्यांचे दहा हजारांवर कवायती सैनिक, त्यांचा मुख्य अधिकारी पोलमन नावाचा जर्मन, शिवाय प्रचंड घोडदळ आणि सुमारे शंभर तोफा.

असई : २३ सप्टेंबर १८०३

मराठा फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात होती. स्थानिक वाटाड्यांनी सांगितलं की जवळ उतार नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ गावं असतील तर लोक ये-जा करणारच, म्हणजे उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला. तो बरोबर निघाला. फौज नदी उतरून मराठ्यांच्या बाजूवर आली.

पण पोलमनच्या पलटणींनी चटकन तोंड फिरवून नवी रांग उभी केली. मराठा तोफखान्याने जो मारा केला, तो इंग्रजांना अपेक्षित नव्हता. तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज पटापट पडले. वेलस्लीच्या उजव्या टोकाला तर मोठाच घोळ झाला. लेफ्टनंट कर्नल ऑरॉक आपली तुकडी घेऊन असई गावाच्या दिशेने फार पुढे गेला, आणि त्याच्यामागे ७४ वी हायलँडर पलटणही गेली. गावाच्या आसपास तोफा आणि बंदुका दाट होत्या. तिथे ही पलटण जवळजवळ संपली. शेवटी घोडदळाच्या हल्ल्याने ती वाचली आणि संध्याकाळपर्यंत मराठा फौजेला मैदान सोडावं लागलं. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. वेलस्लीचे स्वतःचे दोन घोडे त्या दिवशी गेले.

त्या रात्री तो मैदानाजवळच झोपला. पुढे त्याने सांगितल्याची नोंद आहे की रात्री जाग आली की आपले सगळे मित्र मेलेत असंच त्याला वाटायचं. सकाळी एकेकाची चौकशी केली, समोर पाहिलं, तेव्हा कुठे खात्री पटली. बघा, लढाई जिंकलेल्या सेनापतीलाही पहिल्या रात्री आपल्या माणसांचा हिशेब नीट माहीत नव्हता. आपण मात्र हल्ला झाल्यावर अर्ध्या तासात पक्का आकडा मागतो.

१,५८४ म्हणजे किती ठार?

असईचा आकडा म्हणून १,५८४ ही संख्या अनेक ठिकाणी दिसते. फोनवर इंग्रजी लेख मराठीत करून वाचला, तर ‘कॅज्युअल्टी’ या शब्दाचं बऱ्याचदा ‘जीवितहानी’ होतं. मग वाचणाऱ्याला वाटतं, १,५८४ माणसं मेली. प्रत्यक्षात हिशेब असा आहे :

ठार : ४२८
जखमी : १,१३८
बेपत्ता : १८
एकूण : १,५८४

म्हणजे ठार झालेले शंभरातले साधारण २७. कॅज्युअल्टी म्हणजे लढाईतून बाद झालेले सगळे. मराठीत याच्या जवळ जाणारा एक नेमका शब्द आहे, हताहत. हत म्हणजे मारले गेलेले आणि आहत म्हणजे जखमी. बातमीत हताहत लिहिलंय की ठार, हे आधी बघा. नुसत्या या एका शब्दाने आकडा चौपट होऊ शकतो.

आता दुसरी गोष्ट. ही यादी लढाईनंतर लगेच बनली. पलटणीत हजेरी घ्यायची, नाव पुकारायचं, उत्तर नाही आलं तर शोधायचं, अशी पद्धत होती. यादीत ठार म्हणजे मैदानावर ठार. जखमींचं काय झालं? डॉक्टर कमी होते. काही जखमी चार-चार दिवस मैदानातच पडून होते. स्टीव्हन्सन आल्यावर त्याचे डॉक्टर कामाला लागले आणि म्हणून त्याचा पाठलागही लांबला. पुढच्या उपचारासाठी जखमींना अजिंठ्याला हलवलं. तिथे तात्पुरता दवाखाना उघडला होता. आज आपण लेणी बघायला ज्या वाटेने जातो, त्याच अजिंठा गावात.

अँटिबायोटिक नाही, भूल नाही, अशा काळात त्या दवाखान्यात जे पुढे दगावले ते ४२८ मध्ये धरलेले नव्हते. यादीच्या दिवशी ते ‘जखमी’ होते. म्हणजे पहिल्या दिवशीचा ठारचा आकडा हा बहुतेक वेळा कमीत कमी असतो. पुढे तो हळूहळू वाढतो, आणि ती वाढ म्हणजे नवा हल्ला झाला असं नसतं. ‘बेपत्ता’ या रकान्यातले काही मेलेले निघतात, काही परत येतात.

तिसरी गोष्ट, सरासरी. साडेचार हजारांतले १,५८४ म्हणजे तिघांमागे एक. पण हे नुकसान सगळीकडे सारखं झालं का? ७४ व्या पलटणीत साधारण ५०० माणसं होती. त्यातले १० अधिकारी आणि १२४ सैनिक ठार, ७ अधिकारी आणि २७० सैनिक जखमी. एकूण ४११. म्हणजे दहातले आठ! अख्ख्या फौजेतल्या ठार झालेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा या एकट्या पलटणीचा. कारण काय, तर एका तुकडीने चुकीचा रस्ता धरला. हा आकडा बघून कोणी मराठा तोफखान्याच्या ताकदीचा अंदाज लावला तर तो अर्धाच बरोबर येईल. त्यात ऑरॉकची चूकही मिसळलेली आहे. एका दिवसाचा उंच खांब ग्राफवर दिसला, की तो सगळ्या आघाडीवर पसरलेला आहे की एकाच जागचा, हे विचारायलाच हवं.

दुसऱ्या बाजूची यादी कुठे आहे?

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. मराठा बाजूचे किती गेले?

इंग्रज अधिकाऱ्यांनी मैदानावर सुमारे १,२०० मृत असल्याचं कळवलं, जखमी त्याहून बरेच जास्त. काही आधुनिक इतिहासकार ६,००० म्हणतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं कोणीतरी खोटं बोलतंय. पण नीट बघा. १,२०० हे मैदानावर पडलेले मृत, तर ६,००० मध्ये मृत आणि जखमी दोन्ही. मोजायची वस्तूच वेगळी आहे. शिवाय दोन्ही आकडे अंदाज आहेत. हजेरी घेऊन केलेली मोजणी आणि जिंकलेल्याने मैदानावर नजर टाकून केलेला अंदाज, यांना एकाच तक्त्यात सारख्या अक्षरात छापलं की दोन्ही तितकेच पक्के वाटतात. तसे ते नसतात.

इंग्रजांच्या यादीतही सगळे सारखे नव्हते. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं लिहिली जायची. मद्रास फौजेचे शिपाई ‘नेटिव्ह’ या रकान्यात नुसत्या संख्येने यायचे. त्यांच्याच शेजारी मेलेल्या घोड्यांचीही संख्या असायची. आणि समोरच्या मराठा फौजेतला शिपाई अंदाजात. म्हणजे एकाच मैदानावर पडलेली माणसं, पण कोणाचं नाव उरलं, कोणाचा फक्त आकडा उरला, आणि कोणाचा आकडाही धड उरला नाही. ७४ व्या पलटणीला असईच्या नावाचं मानचिन्ह मिळालं. शिंद्यांच्या तोफांवर उभे राहून मेलेल्या गोलंदाजांची यादी आपल्या हातात नाही. त्यांचं शौर्य आपल्याला कळतं ते ७४ व्या पलटणीच्या नुकसानीवरून.

ग्राफ खाली आला, म्हणजे काय झालं?

आता वेलस्लीच्या दख्खनच्या मोहिमेचा एक छोटा ग्राफ डोळ्यासमोर आणा. फक्त इंग्रज बाजूचे हताहत :

असई, २३ सप्टेंबर १८०३ : १,५८४
अडगाव (अकोला जिल्हा), २९ नोव्हेंबर : साडेतीनशेच्या आसपास
गाविलगड (चिखलदरा), १५ डिसेंबर : सुमारे सव्वाशे

रेघ सरळ खाली येते. आजचा एखादा यूट्यूबर लगेच म्हणेल की मराठा फौजेचा जोर ओसरला. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. एकेक कारण सुटं करून बघूया.

पहिलं, शत्रू बदलला होता. असईला शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा होत्या. ९८ तोफा तिथेच गेल्या. नोव्हेंबरमध्ये शिंद्यांनी तात्पुरता युद्धविराम केला होता. अडगावला त्यांचं घोडदळ होतं, पण मुख्य लढत भोसल्यांच्या फौजेशी झाली.

दुसरं, भागाकारातली खालची संख्या बदलली. असईला लढणारे साडेचार हजार होते. अडगावला स्टीव्हन्सनची फौजही बरोबर होती आणि एकूण संख्या दहा हजारांच्या वर गेली होती. म्हणून नुसता आकडा न बघता शंभरामागे किती हे बघायला हवं. असईला सुमारे ३५, अडगावला तीन-चार.

तिसरं, नशीब आणि नेतृत्व. अडगावला सुरुवातीलाच तोफा धडाडल्या आणि असईला चांगल्या लढलेल्या जवळजवळ तीन पलटणी घाबरून मागे पळाल्या. वेलस्ली योगायोगाने जवळ होता. त्याने त्यांना थांबवून परत रांगेत उभं केलं. तो तिथे नसता तर अडगावचा आकडा कदाचित वेगळा असता, आणि आपल्या ग्राफची रेघही.

चौथं, ऑक्टोबरचा शून्य. असई ते अडगाव या दोन महिन्यांत वेलस्लीची मोठी लढाई झाली नाही. ग्राफवर सपाट रेघ. पण युद्ध थांबलं होतं का? छे! स्टीव्हन्सनने ऑक्टोबरमध्ये बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले. आणि १ नोव्हेंबरला उत्तरेत लासवारीला जनरल लेक आणि शिंद्यांच्या पलटणींची भयंकर लढाई झाली. तिथे इंग्रजांचे आठशेच्या वर हताहत झाले. फक्त दख्खनचा ग्राफ बघणाऱ्याला ही शांतता वाटली असती. एका आघाडीचा आकडा म्हणजे अख्खं युद्ध नसतं.

पाचवं, गाविलगडचे सव्वाशे हे फक्त हल्ला करणाऱ्यांचे. किल्ला पडल्यावर आतल्या शिबंदीची मोठी कत्तल झाली. म्हणजे इंग्रजांच्या ग्राफवर जो दिवस सगळ्यात ‘हलका’ दिसतो, तोच आतल्या माणसांसाठी सगळ्यात वाईट होता.

डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांशी देवगावला आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावला तह झाले. युद्ध कागदावर संपलं.

जे कुठल्याच यादीत आले नाहीत

तह झाला तरी मृत्यू थांबले नाहीत. १८०३-०४ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पाऊस कमी, त्यात फौजांनी धान्य, चारा आणि बैल उचललेले, गावं उजाड. वेलस्लीने अहमदनगरला लोकांना काम देऊन अन्न द्यायची व्यवस्था केली. पण ज्या फौजांमुळे ही वेळ आली त्यांत त्याची फौजही होती. या दुष्काळात गेलेली माणसं असईच्या, अडगावच्या किंवा गाविलगडच्या यादीत नाहीत. युद्धाचा ग्राफ शून्यावर आला तेव्हा गावांतला ग्राफ वर चढत होता, फक्त तो कोणी काढत नव्हतं.

युरोपातली वर्षं

मार्च १८०५ मध्ये वेलस्लीने भारत सोडला. १८०८ पासून सहा वर्षं तो पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये नेपोलियनच्या सेनापतींशी लढला. इथलं एक उदाहरण आपल्या कामाचं आहे. बाडाहोस नावाच्या शहराला १८१२ च्या मार्चमध्ये वेढा पडला. तीन आठवडे रोज थोडी थोडी माणसं पडत होती. ६ एप्रिलच्या रात्री हल्ला झाला आणि संपूर्ण वेढ्यातल्या जवळपास पाच हजार हताहतांपैकी बहुतेक त्या एका रात्रीत झाले. सकाळी तटाच्या भगदाडातला ढीग बघून हा कठोर माणूस रडला.

आजकाल ग्राफवर ‘सात दिवसांची सरासरी’ दाखवतात. म्हणजे आजचा आणि मागच्या सहा दिवसांचा आकडा मिळवून सातने भागायचं. रोजचा उगाच दिसणारा चढउतार त्याने गुळगुळीत होतो आणि कल कळतो. पण बाडाहोसची ती रात्र सरासरीत टाकली तर काय होईल? एका उंच सुळक्याची जागा आठवडाभराची टेकडी घेईल. म्हणून सरासरीची रेघ आणि रोजचे खांब दोन्ही बघायचे.

१८ जून १८१५ ला वॉटर्लू झालं. इंग्रज आणि मित्रफौजेचे पंधरा हजारांच्या वर हताहत झाले. वेलिंग्टनचा अहवाल लंडनच्या पेपरात २२ तारखेला छापून आला, पण सगळ्या पलटणींची मोजणी हळूहळू पुरी होत गेली. बेपत्ता नोंदलेले बरेच जण जखमींना मागे पोचवायला गेलेले होते आणि नंतर हजर झाले. घरी बसलेल्या आया-बायकांनी मात्र पहिली यादी वाचूनच रडून घेतलं असेल.

पुढे तो १८२८ ते १८३० इंग्लंडचा पंतप्रधान होता. १४ सप्टेंबर १८५२ ला वयाच्या ८३ व्या वर्षी तो वारला. म्हातारपणीही त्याच्या बोलण्यात असई यायची. सैन्याच्या संख्येच्या मानाने इतकी रक्तरंजित लढाई आपण दुसरी पाहिली नाही, असं त्याचं मत होतं.

आता तुमच्या फोनवर

युद्धाची बातमी उघडली आणि आकडा वरखाली झालेला दिसला, तर शेअर करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा :

१. काय मोजलंय? ठार, हताहत की बेपत्ता धरून? मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात गाझातल्या मृत महिला आणि मुलांचा आकडा दोन दिवसांत निम्म्यावर आलेला दिसला आणि गदारोळ झाला. एकूण मृतांचा आकडा कमी झालाच नव्हता. नव्या तक्त्यात फक्त पूर्ण ओळख पटलेल्यांचं वर्गीकरण दिलं होतं.

२. कधी घडलं आणि कधी नोंदलं? हे आपण कोविडमध्ये अनुभवलंय. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने आधी नोंद न झालेले १,३२८ मृत्यू एकदम जोडले. ग्राफवर भयंकर सुळका दिसला, पण त्या दिवशी तेवढी माणसं गेली नव्हती. युद्धातही ढिगारे उपसले, नोंदी जुळवल्या की असंच होतं.

३. कोणी मोजलं? स्वतःच्या माणसांचा आकडा बाजू कमी सांगते, समोरच्यांचा जास्त. नावांची यादी असेल तर विश्वास जास्त ठेवता येतो.

४. कितींपैकी? पाच हजारांतले शंभर आणि पन्नास हजारांतले शंभर यांत फरक आहे.

५. कोण सुटलं? दुसरी आघाडी, सामान्य नागरिक, नंतर दगावलेले जखमी, उपासमार.

एक सोपी सवय लावून घ्या. पहिल्या ४८ तासांच्या आकड्यापुढे मनातल्या मनात ‘निदान’ किंवा ‘अजून पक्का नाही’ असं लिहा. स्क्रीनशॉट पाठवायचाच असेल तर तारीख आणि वेळ दिसू द्या, म्हणजे आठवड्याने तोच जुना आकडा ताजा म्हणून फिरणार नाही. आणि दोन-तीन आठवड्यांचा कल दिसल्याशिवाय वाढ किंवा घट यावरून हार-जीत ठरवू नका.

पुढच्या वेळी संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याला गेलात, तर गावात थोडं थांबा. लेण्यांकडे जाणाऱ्या गर्दीत फार थोड्यांना माहीत असतं की १८०३ च्या पावसाळ्याच्या शेवटी इथे असईचे जखमी आणले होते. यादीत ते ‘१,१३८ जखमी’ एवढेच आहेत. त्यातले किती पुन्हा चालत बाहेर पडले, हे त्या आकड्यात लिहिलेलं नाही.